आधीच आत

१

इमारतीत सगळे त्यांना पासवाल्या बाई म्हणायचे. इमारत सहा मजल्यांची. दुसऱ्यावर दातांचे डॉक्टर, तिसऱ्यावर वकील, बाकीच्या मजल्यांवर लहानमोठी ऑफिसं. पण कुणाकडेही जायचं असलं तरी आधी तळमजल्यावर बाईंच्या टेबलापुढे उभं राहावंच लागे. बाई मान वर न करता हात पुढे करायच्या. "ओळखपत्र. कोणाकडे? काय काम?" कार्ड मशीनच्या फटीत सरकवलं की पडद्यावर नाव उमटायचं, वाकड्या मानेचा छोटा कॅमेरा फोटो टिपायचा, आणि बाई मागच्या फळीवरच्या खिळ्यावरून एक पास काढून द्यायच्या. निळी दोरी, प्लास्टिकचा चौकोन, त्यावर नंबर. "गळ्यात घाला. जाताना परत द्या." ही एवढी वाक्यं त्या दिवसातून शंभर-दीडशे वेळा बोलत.

पूर्वी मशीनच्या जागी जाडजूड वही होती. तेव्हा बाई माणसांच्या तोंडाकडे बघायच्या, कारण लिहिलेलं अक्षर लागलं नाही की विचारावं लागे. मशीन आलं आणि तेही सुटलं. कार्डावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा एकच आहे की नाही, ते आता मशीन बघे. बाईंना दिसत ते फक्त हात. कार्ड धरलेले, घामेजलेले, घाईतले, नखं खाल्लेले हात.

छप्पन्नाव्या वर्षी बाई थकल्या होत्या. रविवारी झोप काढली की जातो, तसला तो थकवा नव्हता. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरी सत्तावीस वर्षांची लेक होती आणि तिचा राग होता. राग हे घरातलं तिसरं माणूसच म्हणा ना. वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. "साधा ताप आहे, धावत येऊ नकोस," असं बाईंनी तिला फोनवर दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेक परत आली ती नोकरी सोडून, कायमची. पण त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलायची. भांडी आपटायची, दारं आपटायची. बाई ऐकून घ्यायच्या. चूक आपलीच आहे, हे त्यांना तिच्यापेक्षाही जास्त पटलेलं होतं.

संध्याकाळी सहाला सगळे पास खिळ्यांवर परत आले की पडद्यावर 'आत: ०' असं दिसायचं. ते दिसल्याशिवाय मशीन दिवस बंद करू देत नसे. रोज ते शून्य बघून बाई टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला पायांनीच शोधायच्या आणि घरी जायला निघायच्या.

२

तो माणूस पावणेबाराला आला. हनुवटीवर कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी. सकाळी दाढी करताना कापलं असावं. तोंडाने कुरकुर चालूच होती. बस उशिरा आली, दात दुखतोय, डॉक्टर दर वेळी तासभर बसवून ठेवतात. बाईंनी कार्ड मशीनमध्ये सरकवलं.

पडद्यावर लाल चौकट आली. 'ही व्यक्ती आधीच आत आहे. प्रवेश: ९.१२. पास क्रमांक: ७.'

"सकाळी येऊन गेलात का?" बाईंनी विचारलं.

"कशाला येतोय? आत्ता बसमधून उतरलो. तिकीट दाखवू?"

त्याने खरंच तिकीट दाखवलं. बाईंनी नऊ बाराची नोंद उघडली. फोटो त्याचाच होता. तोच चौकटीचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. हनुवटीवर तोच बोळा, तीच पट्टी, तशीच तिरकी. एकच फरक. फोटोतला माणूस कुरकुरत नव्हता. अगदी शहाण्यासारखा, बोलावण्याची वाट बघत असल्यासारखा, सरळ कॅमेऱ्यात बघत होता.

मागे चौघे खोळंबले होते. बाईंनी वळून फळीकडे पाहिलं. सात नंबरचा खिळा रिकामा होता. नऊच्या सुमाराला गर्दी असते, त्या गर्दीत आपण कुणाला काय दिलं ते आठवणं शक्यच नव्हतं. खाली दोन बटणं होती: 'नोंद तपासा' आणि 'जुनी नोंद बंद करून नवीन करा'. बाईंनी दुसरं दाबलं आणि त्याच्या हातात एकतीस नंबरचा पास ठेवला.

साडेबाराला तो खाली उतरला. बाईंनी सवयीने हात पुढे केला. पास हातात आला तो सात नंबरचा.

बाईंनी मान वर केली. कित्येक महिन्यांत त्यांनी पाहुण्याकडे असं नीट पाहिलं नव्हतं. "आणि एकतीस?"

"मला तर हाच दिला होता सकाळी," तो हळू आवाजात म्हणाला. "काही चुकलं का माझं? चुकलं असेल तर माफ करा. येतो."

काचेच्या दारापाशी एक म्हातारी येत होती. तिच्यासाठी त्याने दार धरून ठेवलं आणि मगच बाहेर पडला.

संध्याकाळी पडद्यावर 'आत: १' असं दिसत होतं.

३

इमारतीच्या रखवालदाराला सगळे सुभेदार म्हणत. सैन्याचा आणि त्याचा संबंध मिशांपुरता. तो सहाही मजले फिरून आला, बाथरूम बघून आला, गच्चीच्या दाराचं कुलूप ओढून आला.

"चिटपाखरू नाही, बाई. तुमचा एकतीस नंबर खिशात घालून गेला घरी."

"त्याने सात दिला ना मला परत."

"मग सात घालून आला असेल घरून. माणसं काय वाट्टेल ते करतात. परवा एक जण लिफ्टमध्ये चप्पल विसरून गेला, एकच."

बाईंनी मशीनवाल्याला फोन लावला. मशीन ज्यांनी बसवलं त्यांचा माणूस, नेहमी घाईत. "मॅडम, घड्याळ मागेपुढे होतं, नोंद दोनदा पडते. त्यासाठीच तर बटण दिलंय. 'बाहेर पडले असे समजा' दाबा आणि घरी जा."

बाईंनी ते दाबलं. शून्य आलं. घड्याळ मागेपुढे होतं हे पटण्यासारखं होतं. पण घड्याळ चुकलं म्हणून फोटोतला माणूस वेगळा दिसेल का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. विचारायलाही अंगात जीव लागतो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. वकिलाकडे आलेली एक बाई. नवऱ्याशी फारकत घ्यायची होती, डोळे रडून सुजलेले, बोलताना दात-ओठ खात होती. तीही आधीच आत होती, सकाळी साडेनऊपासून. बाईंनी तिला नवा पास दिला. तासाभराने ती सकाळचा पास परत करून, हसून, नवऱ्याला फोन लावत बाहेर गेली. मग एक म्हातारे मास्तर. मग दोन सख्खे भाऊ, पाठोपाठ, जागेच्या वादावरून एकमेकांचं तोंड न बघणारे. आत गेले तेव्हा दोघांत चार हातांचं अंतर. बाहेर आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

प्रत्येक वेळी सकाळचा पास परत यायचा आणि नंतरचा यायचा नाही. बाई डायरीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहून ठेवू लागल्या. एकतीस, चव्वेचाळीस, बारा, अठरा, एकोणीस. फळीवरचे रिकामे खिळे वाढत चालले. मॅनेजरने दोनदा बोलून घेतलं, मग नवीन पास छापून आणले आणि वर पुन्हा तेच नंबर घातले. आणि रोज सहाला बाई 'बाहेर पडले असे समजा' दाबत राहिल्या.

४

तीन आठवड्यांनी एक बाई टेबलापाशी आली. तिने कार्ड काढलं नाही. पिशवी पोटाशी धरून नुसती उभी राहिली.

"ताई, माझे मालक इथे दातांसाठी आले होते. हनुवटीला पट्टी होती. आठवतात का?"

बाईंना आठवत होते.

"ते इथून बाहेर पडले ना? म्हणजे, तुम्ही बघितलं ना पडताना?"

"हो. पास देऊन गेले. का हो, घरी नाही पोचले?"

"पोचले की. वेळेवर पोचले." तिने इकडेतिकडे पाहिलं. "आता तक्रार तरी काय करू सांगा. तोंड फाटकं होतं माणसाचं. पंचवीस वर्षं ऐकलं मी. आता शब्दाने दुखवत नाहीत. जेवायला काय वाढलं ते बघत नाहीत, चवीला काही म्हणत नाहीत. वाढलं की 'छान झालंय' म्हणतात. खुर्चीच्या कडेवर बसतात नुसते, टेकून बसत नाहीत. कुणीतरी आता नाव पुकारणार आहे आणि उठायचंय, तसे."

बाईंनी रांगेतल्या पुढच्याला हातानेच थांबवलं.

"शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. मी परवा मुद्दाम भाजी करपवली. चांगली काळीठिक्कर केली. म्हटलं, एकदा तरी ओरडतील." तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. "छान झालंय, म्हणाले."

बाईंनी तिला पाणी दिलं. दुसरं देण्यासारखं काय होतं त्यांच्याकडे? ती निघून गेल्यावर त्यांनी डायरीतलं शेवटचं पान उघडलं. अकरा नंबर झाले होते.

त्याच दुपारी लिफ्ट बंद पडली आणि वकिलाकडचं एक पाकीट वर पोचवायला बाईंना जिना चढावा लागला. हा मागचा जिना, अरुंद, खिडकी नसलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर एक करडं दार होतं. दारावर विजेचं चिन्ह. आत मीटरच्या पेट्या आणि सुभेदाराचे झाडू असतात, हे बाईंना माहीत होतं. कपाटाएवढीच तर खोली. गुडघे दुखले म्हणून त्या दारापाशी क्षणभर टेकल्या.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग कुणीतरी खाकरलं. कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. एक बाईमाणूस सुस्कारा सोडून जागच्या जागी हललं. मोठ्या खोलीत बरीच माणसं बराच वेळ बसून असली की जो बारीक, कंटाळलेला आवाज असतो ना, पाय घासण्याचा, श्वासांचा, तोच तो आवाज होता. बोलत कुणीच नव्हतं.

बाई खाली आल्या आणि सुभेदाराला घेऊन पुन्हा वर गेल्या. त्याने किल्ली लावून दार उघडलं. मीटरच्या पेट्या, दोन झाडू, एक बादली. हात लांब केला तर मागची भिंत लागत होती.

"वरच्या मजल्यावरचा आवाज पाइपातून उतरतो इथे," सुभेदार म्हणाला. पण दार लावल्यावर त्याने ते दोनदा ओढून पाहिलं, आणि जिना उतरताना तो बाईंच्या पुढे झाला.

५

लेक आली ती मंगळवारी, दुपारी एकच्या सुमाराला. पिवळा स्कार्फ, खांद्याला पिशवी, कपाळावर आठी. वडिलांच्या नावावरची कागदपत्रं तिच्या नावावर व्हायची होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलासमोर तिलाच सही करायची होती. हे बाईंना आदल्या आठवड्यात माहीत झालं होतं, तेही घरी टेबलावर पडलेल्या पत्रावरून.

"पास दे," लेक म्हणाली.

"कार्ड लागेल गं. मशीन घेत नाही त्याशिवाय."

"पोटच्या पोरीचंही कार्ड? घे." तिने कार्ड टेबलावर टाकलं.

बाईंनी ते फटीत सरकवलं.

'ही व्यक्ती आधीच आत आहे. प्रवेश: ८.०५. पास क्रमांक: ४.'

आठ पाचला त्या इथे, ह्याच खुर्चीत होत्या. दारातून कुणीही आलं नव्हतं. घरून निघताना लेकीच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून तिच्या झोपेतल्या श्वासाचा आवाज येत होता. रोज त्या दाराशी अर्धं मिनिट थांबून तो ऐकूनच निघायच्या. त्यांनी वळून पाहिलं. चार नंबरचा खिळा रिकामा होता.

त्यांनी फोटो उघडला. पिवळा स्कार्फ. तीच पिशवी. कपाळावर आठी नाही. लेक हसत होती. शाळेतून आल्यावर दारातूनच काहीतरी सांगायला लागायची, तेव्हाचं ते हसू. बाईंना ते विसरल्यालाही वर्षं झाली होती.

"काय झालं? किती वेळ?"

"आज नको जाऊस," बाई म्हणाल्या. "मशीन बिघडलंय. उद्या ये. नाहीतर मीच वकिलांना खाली बोलावते, इथे बसून सही कर."

"आई, त्यांनी मला एकची वेळ दिलीय."

"ऐक माझं. एवढं एक ऐक. वर नको जाऊस."

"का? कारण सांग."

कारण काय सांगणार? डायरीचं पान दाखवणार? विजेच्या खोलीत माणसं बसलीत म्हणणार? मागे रांग लागली होती. कुणीतरी घड्याळ बघून जिभेने चक् केलं. लेक टेबलावर वाकली आणि फक्त आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबांच्या वेळी पण असंच. येऊ नकोस, धावत येऊ नकोस. दारातच अडवून धरलंस मला. तुला जमतं तरी कसं गं हे?"

त्यानंतर काय झालं, ते बाईंनी पुढे स्वतःला हजार वेळा विचारलं. त्या घाबरलेल्या होत्या, हे खरं. मागची माणसं कुरकुरत होती, हेही खरं. पण पडद्यावर तो हसरा चेहरा अजून उघडा होता, आणि दीड वर्षाचं ओझं पाठीवर होतं. एका क्षणापुरतं, फक्त एका क्षणापुरतं, बाईंना वाटून गेलं की मी दमले. आता पुरे.

त्यांनी बटण दाबलं. पास क्रमांक बावीस. लेकीने तो दोरीसकट हिसकावून घेतला, गळ्यातही घातला नाही, आणि लिफ्टमध्ये शिरली.

६

लिफ्टचं दार बंद झालं तसं बाईंना भान आलं. त्या खुर्ची मागे ढकलून उठल्या. रांगेतलं कुणीतरी "अहो, आमचं काय?" म्हणालं. पायात चपला नव्हत्या, त्याचंही त्यांना भान नव्हतं. लिफ्ट वर निघून गेली होती. त्या मागच्या जिन्याने धावत सुटल्या. धावत म्हणजे, छप्पन्न वर्षांचे गुडघे जेवढे धावू देतील तेवढ्या.

मधल्या वळणावरचं करडं दार वीतभर उघडं होतं.

आतून उजेड येत होता. पिवळट, कुठल्याही दवाखान्यात नाहीतर ऑफिसात असतो तसला. फटीतून खुर्च्यांची एक रांग दिसत होती, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. मागची भिंत कुठे दिसेना. माणसं बाईंकडे पाठ करून बसली होती. प्रत्येकाच्या मानेवर निळ्या दोरीची रेघ. चौकटीच्या शर्टातला एक जण मान खाजवत होता. दोन खुर्च्या सोडून दोघे पुरुष एकमेकांकडे न बघता बसले होते. आणि रांगांच्या मधून, रिकामी खुर्ची शोधत, पिवळा स्कार्फ चालला होता.

बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं.

"आई? अगं, इथे काय करतेस? आणि अनवाणी?"

हाक वरून आली होती. लेक तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरत होती. गळ्यात व्यवस्थित घातलेला पास, त्यावर चार हा आकडा. हातात कागदाची गुंडाळी. "झालं माझं काम. सकाळीच आले होते, वकिलांनी बसवून ठेवलं." तिने खाली येऊन बाईंचा हात हातात घेतला. तो हात गरम होता, मऊ होता, माणसाचाच होता. दीड वर्षात लेक त्यांना शिवली नव्हती.

"किती धापा टाकतेस. बस जरा. पाय बघ कसे झालेत."

तेवढ्यात फटीतून आवाज आला. बाईंच्या मागून, अगदी जवळून.

"आई. हे काय आहे? मला इथे का बसवलंय? आई, ऐकतेयस ना?"

तो आवाज चिडलेला होता. त्या चिडण्याखाली भीती होती. लहानपणी अंधाराला घाबरली की ती अशीच आधी चिडायची.

बाई वळल्या नाहीत. वळायचं होतं, मान हलत नव्हती. पुढ्यात हसरा चेहरा होता आणि हातात हात होता. समोरच्या लेकीनेही तो आवाज ऐकला असणारच, कारण तिने बाईंच्या खांद्यावरून त्या दाराकडे एकदा पाहिलं. मग दुसरा हात लांब करून, काहीच घाई न करता, तिने दार ओढून घेतलं. खटका पडला.

"वारा येतोय," ती म्हणाली. "चल, आई. आपण घरी जाऊ."

आणि बाई तिच्याबरोबर खाली उतरल्या. हीच गोष्ट पुढे त्यांना गिळता आली नाही आणि टाकताही आली नाही. कुणी ओढलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. एकेक पायरी त्या स्वतःच्या पायाने उतरल्या.

७

सुभेदाराकडून त्यांनी ती खोली त्या आठवड्यात नऊ वेळा उघडून घेतली. पेट्या, झाडू, बादली. मशीनवाला आला आणि घड्याळ दुरुस्त करून गेला. वकिलाच्या वहीत सही होती, लेकीच्याच अक्षरात. सगळं जागच्या जागी होतं.

घरी आता दारं आपटत नव्हती. लेक सकाळी बाईंच्या आधी उठायची. संध्याकाळी पाय शेकायला गरम पाणी काढून ठेवायची. वडिलांचा विषय निघाला तर म्हणायची, "तुझी काय चूक त्यात? तू तरी काय करणार होतीस?" हे वाक्य ऐकण्यासाठी बाई दीड वर्ष तळमळल्या होत्या. आता ते ऐकलं की त्या उठून मोरीत जायच्या आणि नळ सोडायच्या. परत येऊन बघितलं तर लेक तिथेच असायची, खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून.

टेबलावर लाल चौकट पुन्हा आली तर पास द्यायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. चारदा आली. चारही वेळा त्यांनी माणसाला परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या, मॅनेजरची बोलणी खाल्ली. वय झालं आता, सोडा नोकरी, असं मॅनेजर सरळच म्हणाला. लेक म्हणाली, "तुला वाटेल तसं कर. माझं काहीच म्हणणं नाही."

नोकरी सोडणं शक्य नव्हतं. दुपारी दीड वाजता, टेबलावर सुभेदाराला बसवून, बाई डबा घेऊन मागचा जिना चढायच्या आणि करड्या दाराला पाठ टेकून पायरीवर बसायच्या.

पहिले काही दिवस आतून शब्द यायचे ते जळजळीत. "आलीस? कशाला आलीस? तिला घेऊन गेलीस ना घरी?" बाई ऐकायच्या. कधी दारावर आतून थाप बसायची आणि त्यांच्या पाठीला हादरा जाणवायचा. तो हादरा बसला की त्यांना बरं वाटायचं. आहे, म्हणजे अजून आहे.

पुढे थापा थांबल्या. मग दोन-दोन दिवस आवाज नसायचा. बाई एकट्याच बोलत राहायच्या. घरच्या गोष्टी, शेजारच्यांच्या, टेबलावरच्या. मुद्दाम उलटसुलट बोलायच्या, तिला राग येईल असं. तिच्या खोलीतली पुस्तकं रद्दीत घातली म्हणून सांगायच्या. घातली नव्हती.

एका गुरुवारी त्या वर आल्या तेव्हा अडीच वाजले होते. खाली गर्दी होती, निघता आलं नव्हतं. बसल्याबसल्या त्यांनी दाराला डोकं टेकलं.

"उशीर झाला गं मला," त्या म्हणाल्या. "परत उशीर झाला. बोल. जे बोलायचंय ते बोल मला."

आत एक खुर्ची हलली. कुणीतरी उठून दारापर्यंत चालत आलं. पावलं ओळखीची होती. दाराच्या पलीकडे, बाईंच्या कानाच्या उंचीवर, ती बसली असावी. तिचा श्वास ऐकू येत होता, रोज सकाळी खोलीच्या दाराशी ऐकू यायचा तसा.

"रागाव ना," बाई म्हणाल्या. "बाळा, रागाव माझ्यावर."

मग आवाज आला. अगदी शांत, समजूतदार.

"असू दे, आई. इथे सगळे चांगले आहेत. तू दमली असशील, तू जेवून घे."

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या. खालून सुभेदाराने दोनदा हाक मारली. टेबलापुढे रांग लागली होती आणि लोक खोळंबले होते. तिसऱ्या हाकेला त्या कठडा धरून उठल्या, आणि एक हात शेवटपर्यंत दारावर तसाच ठेवून पहिली पायरी उतरल्या.